गाळणीवर राहिलेले सिलिकॉन

मुरबाड, शहापूर किंवा भिवंडी तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने आपल्या काकडीची किंवा भेंडीची पाने तपासायला दिली, तर हाती येणाऱ्या अहवालात नत्र, स्फुरद, पालाश असतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक असतात. लोह, जस्त, तांबे, मँगनीज, बोरॉनही असतात. सिलिकॉनचा रकाना मात्र सहसा नसतो. हाच शेतकरी तो अहवाल खिशात घालून कृषी सेवा केंद्रात गेला, की सिलिकॉनची बाटली पुढे येते. भुरी येणार नाही, पान ताठ राहील, फळाला चमक येईल, असे सांगितले जाते. बाटली घेतली जाते, फवारलीही जाते. पानात ते मुळात कमी होते का, आणि फवारल्यावर पानात किती शिरले, हे दोन प्रश्न ना विकणारा विचारतो, ना घेणारा. अहवालात ज्याला जागा नाही, त्याला दुकानाच्या फळीवर मात्र मानाची जागा आहे.

हा विषय शेताच्या बांधापुरता नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मंडईत येणाऱ्या काकडी, दुधी, कारली, दोडका या वेलवर्गीय भाज्यांवर पावसाळ्यात केवडा आणि थंडीत भुरी हे बुरशीजन्य रोग पडतात. ते आटोक्यात ठेवायला बुरशीनाशकांच्या फवारण्या होतात. त्यातली काही आंतरप्रवाही असतात, म्हणजे झाडाच्या आत शिरतात. नळाखाली भाजी कितीही चोळून धुतली, तरी आत गेलेला अंश निघत नाही. पिकाची स्वतःची प्रतिकारशक्ती वाढून त्यातल्या एक-दोन फवारण्या जरी वाचल्या, तरी तो फायदा शेतकऱ्याच्या खिशाला आणि शहरातल्या ताटाला सारखाच लागू होतो. सिलिकॉन हे करू शकते, याचे पुरावे काही पिकांत चांगले आहेत. पण ते पानापर्यंत पोहोचलेच नाही, तर शेतकरी बुरशीनाशकही मारतो आणि वर सिलिकॉनचाही खर्च करतो. पोहोचले की नाही, हे पान तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून पानातले सिलिकॉन मोजण्याची सोय जिल्ह्यात झाली पाहिजे, आणि ती झाल्यावरच त्याची शिफारस झाली पाहिजे.

तीन नावे, तीन वस्तू

या विषयातला पहिला गोंधळ नावांचा आहे. सिलिकॉन हे मूलद्रव्य. पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजनच्या खालोखाल तेच सर्वांत जास्त, वजनाने सुमारे २८ टक्के. सिलिका म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग. वाळू आणि गारगोटी ही त्याचीच रूपे. आणि सिलिकोन म्हणजे कारखान्यात तयार होणारा, रबरासारखा किंवा तेलासारखा पदार्थ. खिडक्यांच्या फटी बुजवायला वापरतात तो.

शेतीच्या दुकानात सिलिकॉन आणि सिलिकोन शेजारी शेजारी असतात. औषध पानावर नीट पसरावे म्हणून पाण्यात मिसळायचे जे ‘स्प्रेडर’ असतात, त्यांतले काही सिलिकोनयुक्त असतात. त्यांचे काम पाण्याचा पृष्ठताण कमी करणे एवढेच. झाडाला पोषण म्हणून त्यांचा उपयोग नाही. तरी ‘सिलिकॉन मारले आहे’ असे सांगणाऱ्या शेतकऱ्याने नेमके काय मारले, हे बाटली पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

दुसरा गोंधळ टक्क्यांचा. काही लेबलांवर प्रमाण सिलिकॉनचे असते, काहींवर सिलिकाचे. १ टक्का सिलिकॉन म्हणजे सुमारे २.१४ टक्के सिलिका. त्यामुळे एकाच ताकदीच्या दोन बाटल्यांपैकी सिलिकाचा आकडा छापलेली बाटली दुपटीहून अधिक भारी वाटते. शिवाय त्यातले किती झाडाला घेता येईल अशा रूपात आहे, हा प्रश्न उरतोच. वाळू सगळीच सिलिका असते. म्हणून वाळूची पोती टाकून कोणी पीक पोसत नाही.

धरण उशाला, कोरड घशाला

सिलिकॉन जमिनीत एवढे आहे तर वेगळे द्यायचे कशाला, हा प्रश्न रास्त आहे. भातसा, तानसा, वैतरणा अशी धरणे उशाशी घेऊन उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लावणाऱ्या शहापूर तालुक्याला याचे उत्तर समजावून सांगावे लागत नाही. असणे आणि मिळणे यांत फरक आहे. मुळांना सिलिकॉन घेता येते ते फक्त पाण्यात विरघळलेल्या मोनोसिलिसिक आम्लाच्या रूपात. जमिनीतला बहुतेक साठा खनिजांत घट्ट बांधलेला असतो आणि तो फार सावकाश सुटतो. कोकणातला धो धो पाऊस या विरघळलेल्या भागाचा निचरा करत राहतो. दर वर्षी भात काढला जातो आणि पेंढाही शेताबाहेर जातो. भाताचे हेक्टरी ५ टन उत्पादन घेतले, तर पीक जमिनीतून २३० ते ४७० किलो सिलिकॉन उचलते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यातले बरेचसे पेंढ्यात आणि तुसात असते. पेंढा तबेल्याला आणि तूस गिरणीवर गेले, की ते शेतात परत येत नाही.

भातानंतर त्याच खाचरात ओलाव्यावर किंवा पंपाच्या पाण्यावर भाजीपाला होतो. त्या भाजीच्या वाट्याला किती सिलिकॉन येते, याची नोंद कोणाकडेही नसते. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत मातीच्या १२ बाबी तपासल्या जातात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, तीन मुख्य अन्नद्रव्ये, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. सिलिकॉन त्या यादीत नाही.

झाडात गेल्यावर सिलिकॉन काय करते? मुळांनी घेतलेले पाणी पानांतून हवेत उडून जाते आणि त्यातले सिलिकॉन सिलिकाच्या रूपात पानाच्या वरच्या थरात साचते. भात कापताना पात हाताला कापते, ती याच सिलिकामुळे. हा थर बुरशीच्या तंतूंना आत शिरायला अडथळा करतो, एवढेच पूर्वी मानले जाई. आता असेही दिसते, की सिलिकॉन मिळालेले झाड रोगाचा हल्ला झाल्यावर आपली संरक्षक रसायने लवकर आणि जास्त प्रमाणात तयार करते.

सगळी पिके मात्र सारखी नाहीत. भाताच्या कोरड्या पाल्यात सिलिकॉन १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ते ओढून घेणारे जनुक जपानमधील जियान फेंग मा यांच्या गटाने २००६ साली शोधले. काकडी, भोपळा ही पिके मध्यम प्रमाणात घेतात. टोमॅटो फारच थोडे घेतो. १ टक्क्याच्या वर असलेली पिके सिलिकॉन साठवणारी, अर्ध्या टक्क्याच्या खाली असलेली ते न साठवणारी, अशी ढोबळ विभागणी अभ्यासक करतात. म्हणजे एकच बाटली, एकच मात्रा आणि भातापासून टोमॅटोपर्यंत सगळ्यांना तोच फायदा, हे सांगणे पहिल्याच कसोटीवर टिकत नाही.

चमकदार काकडीची गोष्ट

पानातले सिलिकॉन आणि ग्राहकाची आवड यांचा संबंध पाहायचा तर जपानकडे पाहावे लागते. काकडीवर पांढुरकी, हाताला लागणारी पूड असते. ती मुख्यतः सिलिकाची असते. पण जपानी ग्राहकाला ती औषधाच्या फवाऱ्याची वाटू लागली आणि पूड नसलेल्या, चकचकीत काकडीला मागणी आली. शेतकऱ्यांनी मग काकडीचे कलम भोपळ्याच्या अशा वाणांवर बांधायला सुरुवात केली, ज्यांची मुळे सिलिकॉन घेतच नाहीत. १९८०च्या दशकापासून अशी काकडी तिथे सर्रास झाली. पुढे २०११ साली मा यांच्याच गटाने दाखवले, की या भोपळ्याच्या मुळातल्या सिलिकॉन वाहून नेणाऱ्या प्रथिनात एकाच ठिकाणी बदल झालेला आहे.

फळ चमकू लागले, पण अशी काकडी भुरीला लवकर बळी पडते. ग्राहकाने औषध समजून जे नाकारले, ते झाडाचे संरक्षण होते. मियाके आणि ताकाहाशी या जपानी संशोधकांनी १९८३ साली पाण्यावर वाढवलेल्या काकडीत सिलिकॉनचा परिणाम दाखवला होता. १९९०च्या दशकात कॅनडातील बेलांजे यांच्या गटाने सिलिकॉन आणि काकडीवरील भुरी यांचा संबंध आणखी उलगडला. या सगळ्यांनी आधी पाने मोजली. किती सिलिकॉन दिले आणि पानात किती सापडले, हे दोन्ही आकडे समोर ठेवूनच निष्कर्ष काढले. ‘सिलिकॉनने भुरी कमी होते’ हे वाक्य त्या आकड्यांवर उभे आहे. आपल्याकडे ते वाक्य आले, आकडे मात्र तिकडेच राहिले.

प्रयोगशाळेत काय घडते

पानाच्या नेहमीच्या चाचणीत सिलिकॉन का येत नाही, याचे कारण साधे आहे. वाळवून दळलेल्या पानाची पूड नायट्रिक आणि परक्लोरिक या तीव्र आम्लांत तापवतात. पान विरघळते, अन्नद्रव्ये द्रावणात उतरतात. तळाशी पांढरा गाळ उरतो. तो सिलिकाचा असतो. या आम्लांना तो दाद देत नाही. मग द्रावण गाळणकागदातून गाळतात, खाली उतरलेल्या पाण्यात लोह, जस्त, पालाश मोजतात आणि कागद फेकून देतात. भाताच्या पेंढ्याच्या नमुन्यात तर हा गाळ डोळ्यांना दिसण्याइतका असतो. थोडक्यात, सिलिकॉन प्रयोगशाळेपर्यंत येते आणि गाळणीवरच राहते.

ते मोजायचे तर आम्लाऐवजी तीव्र अल्कली लागते. फ्लोरिडातील एलियट आणि स्नायडर यांनी १९९१ साली यासाठी एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली. पानाची थोडीशी पूड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कॉस्टिक सोड्याचे तीव्र द्रावण प्लास्टिकच्या नळीत घालायचे आणि ऑटोक्लेव्हमध्ये तासभर दाबाखाली वाफवायचे. ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रेशर कुकरच्या तत्त्वावर चालणारे, निर्जंतुकीकरणाचे साधन. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयात ते असते. वाफवल्यावर सिलिका विरघळते. मग त्यात मॉलिब्डेट घातले की पिवळा आणि त्यानंतर क्षपणक घातले की निळा रंग येतो. निळा जितका गडद, तितके सिलिकॉन जास्त. रंगाची तीव्रता मोजणारे यंत्रही बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत नवे नाही.

या निळ्या रंगात एक फसगत असते. पानातले स्फुरदही मॉलिब्डेटशी असाच रंग देते. ते बाजूला सारायला टार्टारिक आम्ल घालतात. म्हणजे चिंचेला आंबटपणा देणारे आम्ल. आणखी एक पथ्य म्हणजे काच टाळायची. काच ही स्वतः सिलिकेट असते आणि कॉस्टिक सोडा ती हळूहळू विरघळवतो. काचेच्या बाटलीत साठवलेले द्रावण वापरले, तर पानात नसलेले सिलिकॉन अहवालात उमटते. म्हणून नळ्या, बाटल्या, मोजपात्रे सगळी प्लास्टिकची हवीत. यात महागडे असे काही नाही. शिस्त मात्र हवी.

धूळ मोजायची की पान?

शिस्तीची खरी परीक्षा प्रयोगशाळेच्या आधी, शेतातच होते. कल्याण-शीळ रस्त्याच्या, एखाद्या खडी क्रशरच्या किंवा वीटभट्टीच्या जवळच्या शेतातले पान तसेच्या तसे दळले, तर मोजले जाईल ते बरेचसे रस्त्याचे आणि दगडाचे सिलिकॉन. धूळ म्हणजे मुख्यतः सिलिका आणि सिलिकेट खनिजे. लोह सोडले तर इतर अन्नद्रव्यांच्या चाचणीत धुळीने एवढा घोटाळा होत नाही. इथे मात्र निकाल पूर्ण उलटा लागू शकतो. ज्या शेताला सिलिकॉनची गरज आहे, तेच कागदावर सर्वांत संपन्न दिसेल. म्हणून पाने तोडल्यावर लगेच साध्या पाण्याने, सौम्य साबणाच्या पाण्याने, सौम्य आम्लाने आणि शेवटी शुद्ध पाण्याने धुवावी लागतात. मातीचे शिंतोडे उडालेली खालची पाने घेऊच नयेत.

फवारणी केलेल्या पिकाची पाने तपासताना हीच अडचण येते. फवारलेले सिलिकॉन पानावर वाळून बसते. ते धुतले नाही तर आकडा फुगतो आणि बाटलीची जाहिरात आपोआप होते. धुतल्यावर जे उरते, तेच पानाच्या आतले. मुळांवाटे दिलेल्या सिलिकॉनच्या तुलनेत पानावर फवारलेले आत किती जाते, हा जगभरच्या अभ्यासकांत वादाचा मुद्दा आहे. शेतकऱ्याला विकताना मात्र त्या वादाचा मागमूस नसतो.

पान कोणते घ्यायचे, हेही ठरलेले हवे. नत्र किंवा पालाश जुन्या पानातून नव्या पानात जाते. सिलिकॉन एकदा साचले की तिथेच राहते, त्यामुळे जुन्या पानात ते साठत जाते. पहिल्या वेळी शेंड्याकडचे आणि दुसऱ्या वेळी बुडाकडचे पान घेतले, तर काहीही न देता सिलिकॉन ‘वाढलेले’ दिसेल. नुकतेच पूर्ण वाढलेले पान, पिकाची तीच अवस्था आणि वेलीवरची तीच जागा, हे पाळल्याशिवाय दोन अहवालांची तुलना निरर्थक आहे.

महाराष्ट्राला हे परके नाही. नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागायतदार वर्षानुवर्षे देठ परीक्षण करतो. एप्रिल छाटणीनंतर घड तयार होण्याच्या काळात आणि ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात कोणत्या पानाचा देठ घ्यायचा, हे त्याला तोंडपाठ असते. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने आणि बागायतदारांच्या चिकाटीने ही सवय रुजवली. ती द्राक्षाला लागू होते, तशी मुरबाडच्या काकडीलाही लागू होऊ शकते.

घरचीच विद्या

सिलिकॉनचे महत्त्व आपल्याला परदेशी कंपन्यांनी शिकवले, असाही समज आहे. तो खरा नाही. जपानने १९५५ साली सिलिकेट खताला मान्यता दिली होती, हे खरे. पण जागतिक साहित्यात भाताच्या सिलिकॉन व्यवस्थापनावरचा एक आधारभूत आढावा १९९७ साली आला, त्याचे पहिले लेखक डॉ. एन. के. सावंत हे महाराष्ट्राचेच मृदशास्त्रज्ञ. १९९९ साली उसाच्या सिलिकॉन पोषणावरचा आढावाही त्यांच्याच नावे आहे. कोकणातल्या शेतकऱ्यांना ते ओळखीचे आहेत ते चारसूत्री भातशेतीमुळे. त्यातले पहिलेच सूत्र सिलिकॉनचे आहे: भाताचे अवशेष भातालाच परत द्या. रोपवाटिकेत गादीवाफ्याला दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळसर राख आणि नांगरटीच्या वेळी शेतात पेंढा. गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या ही पुढची तीन सूत्रे.

राख काळसरच का, याला शास्त्र आहे. तुसाच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग राख होते आणि त्या राखेत बहुतांश सिलिका असते. तूस मंद आचेवर जळले तर ती सिलिका विस्कळीत रचनेची राहते आणि सावकाश विरघळते. भट्टीच्या प्रखर उष्णतेत राख पांढरी होते, सिलिकाचे स्फटिक बनतात आणि पिकाला ती फारशी उपयोगी राहत नाही. शिवाय स्फटिकी सिलिकेची बारीक धूळ श्वासात जाणे धोक्याचे असते. खाणीत आणि दगडाच्या कामात होणारा सिलिकोसिस त्यातूनच होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ सालीच तिला कर्करोगकारक ठरवले आहे. डोंबिवलीच्या गच्चीवर कुंड्यांत काकडी-कारली लावणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे: राख काळसर घ्यावी, ओलवून टाकावी, तोंडाला रुमाल बांधावा. पानात साठणारी सिलिका स्फटिकी नसते. तिच्याबद्दल अशी भीती नको. तसेच सिलिकॉन दिलेली भाजी खाल्ल्याने हाडे मजबूत होतील, असाही दावा नको. माणसाला रोज किती सिलिकॉन हवे, हे ठरवण्याइतका पुरावा नसल्याचे अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००१ साली नोंदवले आहे.

आक्षेप आणि उत्तरे

सिलिकॉन मोजण्याला दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की ते आवश्यक अन्नद्रव्यच नाही. १९३९ साली अरनॉन आणि स्टाउट यांनी घालून दिलेल्या कसोटीनुसार ज्याच्याशिवाय झाडाचे जीवनचक्र पूर्ण होत नाही, ते आवश्यक. बहुतेक पिके सिलिकॉनशिवायही फुलतात-फळतात, म्हणून ते यादीबाहेर राहिले. आक्षेप पुस्तकी अर्थाने बरोबर आहे. पण मग ते विकायलाही हरकत घ्यावी. आवश्यक नाही म्हणून मोजायचे नाही आणि उपयुक्त आहे म्हणून विकायचे, हे दोन्ही एकदम चालणार नाही. अमेरिकेतल्या खत नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेने २०१२ साली सिलिकॉनला ‘उपयुक्त घटक’ म्हणून स्थान दिले. खतातले झाडाला मिळू शकणारे सिलिकॉन कसे मोजायचे, याची पद्धतही तिथे त्याच सुमारास ठरली. उपयुक्तता मान्य करायची तर तिचे माप आधी ठरवायचे, हा तो धडा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आकडा आला, पण चांगला कोणता आणि वाईट कोणता, हे कोण सांगणार? भातासाठी पेंढ्यात ५ टक्के सिलिकॉन ही उंबरठ्याची पातळी मानतात. काकडी, भेंडी, कारली यांच्यासाठी कोकणातल्या जमिनीत अशी पातळी ठरलेली नाही. पण मोजल्याशिवाय ती ठरणार तरी कशी? द्राक्षाच्या देठाचे निकष आकाशातून पडले नाहीत. चांगल्या आणि वाईट बागांचे देठ वर्षानुवर्षे तपासून, उत्पादनाशी ताडून ते तयार झाले. काकडीचे निकषही तसेच तयार होतील. सुरुवातीची काही वर्षे अहवालातला आकडा सल्ला देणार नाही, फक्त साठत जाईल. हे शेतकऱ्याला स्पष्ट सांगावे आणि त्या काळात त्याच्याकडून चाचणीचे पैसे घेऊ नयेत.

काय करता येईल

यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि त्याचे कर्जतचे संशोधन केंद्र भातावर काम करतातच. सिलिकॉनवर काम करणारे तज्ज्ञ देशात आहेत. शेतीतील सिलिकॉनवरची सातवी आंतरराष्ट्रीय परिषद २०१७ साली बंगळूरुच्या कृषी विद्यापीठाने भरवली होती. ठाण्याचे बांदोडकर, कल्याणचे बिर्ला, डोंबिवलीचे पेंढरकर अशी विज्ञान शिकवणारी महाविद्यालये या पट्ट्यात आहेत. दर वर्षी शेकडो विद्यार्थी रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राचे प्रकल्प करतात. त्यातले बरेच प्रकल्प फाइलमध्ये जन्मतात आणि फाइलमध्येच संपतात. कृषी विद्यापीठाने पद्धत घालून द्यावी, तुलनेसाठी प्रमाणित नमुने पुरवावेत. महाविद्यालयांनी पाने मोजावीत. तालुका कृषी कार्यालयांनी शेते निवडून द्यावीत. तीन हंगामांत या जिल्ह्याला स्वतःचे आकडे मिळतील.

विक्रीलाही शिस्त हवी. २०२१ साली खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजकांचा समावेश झाला, तेव्हा बाटलीत काय आहे याचा जाब विचारण्याची वाट खुली झाली. सिलिकॉनयुक्त प्रत्येक उत्पादनावर प्रमाण एकाच एककात, म्हणजे सिलिकॉनच्या टक्केवारीत असावे. झाडाला मिळू शकणारा भाग वेगळा छापावा. कोणत्या पिकात, मुळांवाटे की फवारणीने आणि पानात किती वाढ मोजून दावा केला आहे, हे सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक करावे. आणि कृषी विभागाच्या ज्या प्रात्यक्षिकात सिलिकॉन वापरले जाते, तिथे आधीचा आणि नंतरचा पानाचा अहवाल लावल्याशिवाय ते प्रात्यक्षिक पूर्ण धरू नये.

शेतकऱ्याला मात्र यातल्या कशाचीही वाट पाहावी लागत नाही. सिलिकॉन द्यायचेच असेल, तर वेलींची एक ओळ कोरी ठेवावी. बाकी खत, पाणी, औषध सारखेच. दोन्हीकडच्या पानांवर भुरी किती, फवारण्या किती लागल्या, तोडे किती झाले, हे वहीत लिहावे. फरक दिसला तर पुढच्या हंगामात बाटली घ्यावी, नाही दिसला तर ते पैसे वाचवावेत. गिरणीवरची काळसर राख बहुतेक गावांत जवळच मिळते. प्रयोग तिच्यापासून सुरू केला तर खर्चही फारसा नाही. प्रयोगशाळेने त्या दोन ओळींतली पाने धुऊन, मोजून निळ्या रंगाचा आकडा दिला, की वहीतल्या नोंदीला आधार मिळेल. तोवर पानाच्या अहवालात सिलिकॉनचा रकाना तरी छापायला सुरुवात व्हावी. तो रिकामा राहिला, तरी काय मोजले गेले नाही, एवढे निदान शेतकऱ्याला दिसेल.